लेथ निघालं नैर्ऋत्येला

मालक : बसबार नको म्हणजे नको. भिंतीवरून जीआय पाइप टाका, आत वायरी ओढा, मोकळे व्हा.

मिस्त्री : टाकतो. फक्त लेथ कुठे राहणार, तेवढं सांगा.

मालक : नैर्ऋत्येला. जड मशीन नैर्ऋत्येलाच हवं.

मिस्त्री : दिवाळीत वायव्येला होतं.

मालक : तेव्हाचा वास्तुवाला वेगळा होता.

मिस्त्री : आणि पाडव्याला दक्षिणेला नेलं, ते?

मालक : ऑर्डरी येत नव्हत्या.

मिस्त्री : ऑर्डरी आल्या?

मालक : नाही. म्हणून तर नैर्ऋत्य.

मिस्त्री : दर वेळी मी पाइप कापतो, वायरी नव्यानं ओढतो. अर्ध्या भिंतीवर रिकामे पाइप आहेत.

मालक : मग एकाच पाइपात कोंबा सगळं!

मिस्त्री : एका पाइपात भरलोडची तीन सर्किटं घातली की आयईसी या वीज-मानकाच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येकाची क्षमता ७० टक्क्यांवर येते. वायर तापते. तिला दिशा कळत नाहीत.

मालक : आणि बसबारला कळतात?

मिस्त्री : त्याला गरजच नाही. कपडे वाळत घालायच्या दांडीसारखा तो डोक्यावरून जातो. आत तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ठरावीक अंतरावर खिडक्या. लेथ जिथे न्याल, तिथल्या खिडकीत लाइन बंद करून टॅप-ऑफ बॉक्स बसवायचा आणि केबल खाली सोडायची. आठही दिशा मोकळ्या!

मालक : असं होय! मग कंप्रेसरपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे बसबारच टाका.

मिस्त्री : कंप्रेसर कधी हलवलात? ऑफिसातले दिवे फिरतात का? तिथं पाइपच बरा. आणि आधी पत्र्याची गळती काढा, बसबारवर पाणी नको. बसबारचे सांधे टॉर्क पान्यानं कसावे लागतात, नंतर थर्मल कॅमेऱ्यानं तपासावे लागतात. सैल सांधा तापून जळतो.

मालक : बसबारवाल्याकडून कमिशन किती मिळतं तुम्हाला?

मिस्त्री : साहेब, माझं घर तुमच्या वास्तूवर चाललंय. बसबार बसला की मला बोलावणार कोण?

मालक : मग एवढा आग्रह कशाला?

मिस्त्री : मागच्या खेपेला मुहूर्त टळतो म्हणून अर्थिंग जोडायच्या आत मशीन चालू करायला लावलंत. समोर पोरगा उभा होता.

मालक : काही झालं का?

मिस्त्री : झालं असतं तर कुठल्या दिशेवर ढकललं असतंत?

मालक : जास्त बोलू नका. खर्च सांगा.

मिस्त्री : आज पाइपाहून जास्त. पुढच्या हलवाहलवीचा हिशेब तुम्हीच घाला. माझं म्हणणं एवढंच : मशीन जागचं हलणार नसेल तर पाइप, हलणार असेल तर बसबार. अर्थिंग मात्र दोन्हींत, आणि मुहूर्ताच्या आधी.