जिन्याची शेजपाळी

पुणे–सोलापूर हमरस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांस वरवंड हे गाव बहुधा एस. टी.च्या खिडकीतूनच ठाऊक असते; यवत आणि चौफुला मागे टाकून पाटसच्या दिशेने सुसाट निघालेल्यांपैकी येथे उतरणारे थोडे, आणि रात्रीचा मुक्काम करण्याइतकी आपुलकी दाखविणारी प्रतिष्ठित पाहुणी म्हणावी तर आषाढीच्या वाटेवर वर्षातून एकदा येणारी तुकोबांची पालखी तेवढी. इतरांना जाताना पाहण्याची अशी पिढीजात सवय जडलेल्या गावातल्या एका मुलाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, अभियांत्रिकीच्या उच्च अध्ययनार्थ स्वतःच जर्मनीतील श्टुटगार्ट नगरीस प्रयाण करण्याचे योजिले, तेव्हा ग्रामस्थांनी त्याचा सत्कार केला खरा, परंतु भाषणांचा एकंदर सूर ‘बघू किती दिवस टिकतो’ असाच होता.

सत्कारात पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे क्रमप्राप्तच होते, कारण त्यांचे मुक्ती मिशन शेजारच्या केडगावी. बाई 1883 साली इंग्लंडास गेल्या, 1886 मध्ये अमेरिकेस पोचल्या, आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी 1889 साली मराठीत एक ग्रंथ सिद्ध केला. वक्त्यांनी तोच आदर्श माझ्यापुढे ठेवला. फरक इतकाच, की बाई जग पाहून मग केडगावी आल्या आणि मी केडगाव पाहून जगाकडे निघालो, आणि त्यांच्या दृष्टीस तेथे राज्यव्यवस्था नि स्त्रीशिक्षण पडले, तर माझ्या दृष्टीस मुख्यत्वेकरून एक जिना पडला.

जिन्यापर्यंत पोचण्यापूर्वी कागद पार करावे लागतात. मी गेलो त्या 2024 साली व्हिसासाठी वर्षभराच्या चरितार्थाचे 11,904 युरो एका गोठविलेल्या खात्यात आगाऊ भरावे लागत, आणि मग तेच आपले पैसे दरमहा 992 युरोंच्या हप्त्याने, जणू कोणी तनखा बांधून दिला आहे अशा थाटात, आपल्याच हाती पडत. उसाच्या बिलात ही रक्कम बसेना, सबब कर्ज काढले. पुढे घर मिळताच दोन आठवड्यांच्या मुदतीत नगर-कचेरीत वास्तव्याची नोंद करणे कायद्याने भाग, आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला आवश्यक. दौंडच्या तहसील कचेरीत सातबाराच्या उताऱ्यासाठी हयात घालविलेल्या आमच्या आबांना ही कैफियत दूरध्वनीवरून सांगताच त्यांना परदेशाविषयी प्रथमच काही तरी उमगल्यासारखे झाले.

“घावला का रं दाखला?”

“मिळाला, आबा.”

“किती द्यावं लागलं?”

“काहीच नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग चिंतातुर स्वर आला, “मग त्यो खरा हाय कशावरनं?”

श्टुटगार्ट हे टेकड्यांच्या कोंडाळ्यात वसलेले, नेकार नदीच्या काठचे, मुंबईशी 1968 पासून भगिनीनगराचे नाते जोडलेले संपन्न शहर. मर्सिडीज आणि पोर्शे या मोटारींचे हे माहेर, तरी शहराच्या ऐन मध्यभागी उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत, आणि 1884 पासून एक दातेरी रुळांची गाडी माणसांना चढ चढवून नेत आहे. या सर्व वैभवाचे दर्शन मी यथावकाश घेतले. परंतु राहावयास गेलो त्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंनी माझ्या दारास एक पाटी अडकविली, आणि त्या आठवड्यापुरता जिना, त्याचा कठडा आणि मधला सोपा माझ्या अंमलाखाली आला.

आठवड्याच्या पाळीने जिना झाडण्या-पुसण्याच्या या प्रथेस तेथे केरवोखे म्हणतात, आणि तिची मुळे पंधराव्या शतकापर्यंत नेऊन भिडवितात. नगरपालिकेने आपल्या बाजूची सक्ती 1988 साली उठविली. परंतु सरकारने सोडलेले भाडेकरारांनी उचलले, आणि पाटी एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरतच राहिली. कठडा तर इतका लखलखीत, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. तरी तो पुसावयाचाच, कारण जिना मळला आहे की नाही हा प्रश्न गौण असून पाळी आली की तो मळलेला मानावयाचा, असा तेथील धर्मशास्त्राचा निर्णय आहे.

आबांना हे ऐकवताच ते म्हणाले, “जिना झाडायला एवढ्या लांब कशापायी गेलास? हितं अंगण काय वस पडलं व्हतं?” परंतु मला त्या जिन्यावरच साक्षात्कार झाला. नवीन मुठा उजव्या कालव्याचे पाणी आमच्या शिवारात शेजपाळीने येते. ज्याची पाळी त्याने मध्यरात्री थंडीत खोरे घेऊन दारे धरावयाची, आणि पाळी चुकविल्यास पाटकऱ्याआधी शेजारीच तोंडसुख घेतो. ही जिन्याची शेजपाळीच होती. आणि पाटकऱ्याच्या जागी तळमजल्यावरच्या वृद्ध बाई होत्या, ज्यांचा दरवाजा माझ्या झाडूचा पहिला आवाज होताच बोटभर उघडत असे.

कचऱ्याचे प्रकरणही त्याच दप्तरातले. कागद निराळा, वेष्टने निराळी, भाजीची देठे निराळी आणि उरलेले निराळे. काचेची भांडी चौकातल्या पेटीत रंगवार टाकावयाची, आणि रविवारी मुळीच नाही, कारण त्या दिवशी काच फुटल्याचा आवाज करणे हा शेजारधर्माचा भंग. प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानी परत केल्यास 25 सेंट मिळतात, हे समजल्यापासून आबांनी उसाचा भाव विचारणे सोडून बाटल्यांचा विचारावयास आरंभ केला.

तथापि या शिस्तीच्या मायभूमीतही एक दिलासा आहे. रेल्वेचे नवे भूमिगत स्थानक बांधण्यास 2010 साली प्रारंभ झाला आणि 2019 मध्ये ते खुले व्हावयाचे होते. मी गेलो तेव्हाही तेथे पत्र्यांच्या कुंपणामागे कामच चालू होते. ही वार्ता कळविताच आबा खुलले. “म्हंजी मान्सं हायेत,” असा निर्वाळा त्यांनी दिला.

विद्यापीठात जे शिकलो त्याची नोंद गुणपत्रिकेत आहेच, आणि ती वाचून कोणास हसू येईल असे वाटत नाही. जिन्यावर मात्र एवढे कळले, की आपण ज्याला परकीयांची शिस्त म्हणून नमस्कार करतो ती त्यांच्या रक्तात मुळीच नसते. ती समोरच्या दाराच्या फटीत असते. वरवंडलाही ती फट आहे, किंबहुना येथे दारे सताड उघडीच असतात. केवळ आपण तिच्यातून शेजाऱ्याच्या सुना पाहतो आणि ते जिना पाहतात. सबब परदेशी शिकावयास निघालेल्या आमच्या तालुक्यातील होतकरू विद्यार्थ्यांस इतकेच सुचवावेसे वाटते, की भाषा शिकून जा, लोकरीचे कपडे न्या, परंतु त्याआधी महिनाभर घरचा जिना, आणि जिना नसल्यास अंगण, कोणी न सांगता झाडून पाहा. त्याचे गुण कोणतेही विद्यापीठ देत नाही, पण घरमालकीण देते, आणि अनामत रक्कम तिच्याच हाती असते.