सरळ बोट, वाकडं तेल

सरळ बोटाने तूप निघत नाही, हे मराठी मुलाला रसायनशास्त्राच्या किती तरी आधी कळतं. त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. तूप थिजतं, कारण त्यातली निम्म्याहून जास्त स्निग्धाम्लं संपृक्त, म्हणजे सरळ, ताठ असतात. एसटीत अंग चोरून उभ्या राहिलेल्या शहाण्या प्रवाशांसारखी ती एकमेकांना चिकटून राहतात. तेलातल्या बहुतेक स्निग्धाम्लांच्या साखळ्यांना मात्र दुहेरी बंधापाशी बाक असतो. कोपरं बाहेर काढणाऱ्यांमुळे गर्दी सैल होते आणि करडईचं तेल थंडीतही वाहत राहतं.

हा ताठपणा नि वाकडेपणा बरणीतच राहिला असता, तर आपल्याला काय त्याचं? पण पोळीवरचं तूप आणि फोडणीचं तेल यांतला काही भाग थेट पेशीच्या पटलात जाऊन बसतो. हे पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचे दोन थर, असं गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ साली दाखवलं. साखर आत घेणारी, इन्शुलिनचा निरोप ऐकणारी प्रथिनं याच थरांत वावरतात. पटल फार ताठ झालं तर त्यांना हलता येत नाही, फार सैल झालं तर गळती लागते. म्हणून पेशी सरळ नि वाकड्या साखळ्यांचं प्रमाण सांभाळत बसते. त्यात तिच्या मदतीला असतं कोण? कोलेस्टेरॉल! रिपोर्ट हातात आल्यावर ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, तेच.

काही वाकड्या साखळ्या शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. बर या संशोधक दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्निग्धाविना वाढवलं, तेव्हा ते आजारी पडले, आणि हे गुपित उघडं झालं. यातलं लिनोलेइक आम्ल करडईत भरपूर, तर अल्फा-लिनोलेनिक जवसात. म्हणजे जवसाची चटणी वाढणाऱ्या आजीबाई नकळत पटलांची डागडुजीच करत होत्या.

पुढे तेलांत फॅशन शिरली. करडई गेली, सूर्यफूल आलं. मग ऑलिव्ह, आता लाकडी घाणा. त्याआधी १९३७ पासून डालडा होताच. तेलात हायड्रोजन सोडून ते तुपासारखं थिजवायचं, ही त्यातली युक्ती. पण अर्धवट हायड्रोजन दिला की काही दुहेरी बंध शिल्लक राहूनही साखळी जवळजवळ सरळ होते. नावाला असंपृक्त, वागायला ताठ! हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं. म्हणून आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे.

तेल कुठलंही असो, ग्रॅममागे ९ कॅलरी हा हिशेब सगळ्यांना सारखाच. घाण्याचं शुद्ध तेल म्हणून चार पळ्या जास्त ओतल्या, तर पोटाचा घेरही तितकाच शुद्ध वाढतो.

हे ऐकून काही जण फोडणीच बंद करतात. पण गाजरातलं कॅरोटीन शोषायला थोडं तरी तेल लागतं. अशा घरच्या कोशिंबिरीत गाजर बिचारं आपलं कॅरोटीन घेऊन मोठ्या आशेने येतं, आणि बरंचसं तसंच घेऊन पुढे निघून जातं.