अण्णा सालैपासून कलस महाल किती लांब आहे?

उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्र चालवणाऱ्या सरकारी कंपनीस,

हे पत्र तिरुवल्लिकेणीतून लिहीत आहे. शेजारीच चेपॉकला, नवाबाच्या जुन्या कलस महालात, राष्ट्रीय हरित लवादाचं दक्षिण खंडपीठ बसतं. तुमचं मुख्यालय अण्णा सालैवर, म्हणजे तुमच्या माणसाला तारखेला हजर राहायचं तर रिक्षाने काही मिनिटं पुरेत. एन्नोरच्या कोळ्याला त्यासाठी वीसेक किलोमीटर यावं लागतं आणि त्या दिवसाची मासळी बुडते. हातावर पोट असलेल्या माणसाने तुमच्याविरुद्ध दाद मागायची, तर आधी घरची चूल गार ठेवायची. प्रत्येक वाढीव तारखेची किंमत तो मोजतो, तुम्ही नाही.

तुमचं कृत्य काय, ते स्पष्टच लिहिते. 1990च्या दशकापासून तुम्ही या केंद्रात कोळसा जाळत आहात. राख पाण्यात कालवून पाइपांमधून सेप्पाक्कमच्या राखतळ्यात सोडता. हे पाइप कोसस्थलैयार नदीवरून जातात आणि वर्षानुवर्षं ते गळत राहिले. त्याच नदीच्या मुखाशी, एन्नोरच्या खाडीत, बाया-माणसं पाण्यात उतरून, तळाचा चिखल हाताने चाचपून कोळंबी धरत आली आहेत. नुसत्या बोटांनी चिखलातली कोळंबी ओळखायची, ही पिढ्यान् पिढ्यांची विद्या. त्या चिखलावर तुम्ही करड्या राखेचा थर चढवलात. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असतो, हे तुमच्या अभियंत्यांना कुणी शिकवायला नको. तरीही ज्या पाण्यात लोक तासन् तास उभे राहतात, त्यातच ती जाऊ दिलीत. याला अपघात म्हणू नका. अपघात वर्षानुवर्षं चालत नाही.

2016 मध्ये हे प्रकरण लवादापुढे आलं, निकाल जुलै 2022 मध्ये लागला आणि दोष तुमच्या पदरात पडला. सहा वर्षं! कायदा पीडिताला भरपाईचा दावा पाच वर्षांच्या आत लावायला सांगतो. उशीर झाला की त्याचं तोंड बंद. तुम्हाला मात्र नदी साफ करायला अजून सवड हवी, अजून एक समिती हवी, अजून एक अहवाल हवा. मधल्या काळात तुमच्या वीज मंडळाची फेररचना झाली, पाट्या बदलल्या. नव्या पाटीमागे जुनी राख लपवता येणार नाही. आणि डिसेंबर 2023च्या पुरात मणली या औद्योगिक भागाकडून खाडीत तेल आलं, तेही पुढे करू नका. त्याचा जाब ज्याने-त्याने द्यावा, राखेचा तुम्हीच द्यायचा आहे.

हे मराठीत का, असं विचाराल. ज्या महिन्यात तुमच्याविरुद्ध निकाल लागला, त्याच महिन्यात नागपूरजवळ खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत शिरला. तिथल्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांजवळच्या माणसाला तुमची गोष्ट परकी वाटणार नाही. तिथेही वीजनिर्मिती सरकारी कंपनीच करते, त्यामुळे गाऱ्हाणं सरकारविरुद्ध आणि न्यायही सरकारकडेच मागायचा.

आता खाडीच्या तळाची राख उपसा. काट्टुकुप्पमच्या कोळीवाड्यात जा, कुणाची किती वर्षांची मासळी बुडाली ते घरोघर बसून लिहून घ्या आणि भरपाई द्या. पुढच्या तारखेला कोळ्यांना चेपॉकला बोलावू नका. तुम्हीच एन्नोरला या.