पडेल उमेदवार, चालू अध्यक्ष

माजी राजकारण्याला फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद झेपेल का, अशी शंका काढणाऱ्यांनी एड बॉल्स यांची पात्रता नीट तपासलेली दिसत नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे हे शॅडो चान्सलर, म्हणजे तिजोरीची किल्ली नसलेले अर्थमंत्री, मे २०१५ मध्ये ४२२ मतांनी पडले आणि डिसेंबरात नॉरिच सिटीचे अध्यक्ष झाले. तेव्हा क्लबच्या सहमालकीण होत्या पाककृती-लेखिका डेलिया स्मिथ. साऱ्या देशाला अंडं उकडायला शिकवणाऱ्या बाईंनी माणूस पारखूनच घेतला असणार.

महिनाभरात लिव्हरपूल दारात आलं. नॉरिच ३-१ ने पुढे, मग ३-४ ने मागे, ९२ व्या मिनिटाला ४-४. घरच्या मैदानावर एकच जल्लोष! ९५ व्या मिनिटाला पाचवा गोल खाल्ला; पाहुण्यांचे प्रशिक्षक क्लॉप यांचा आनंदाच्या झोंबाझोंबीत चष्मा फुटला. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा, हे मतमोजणी पाहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

त्याच वर्षी साहेब टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत ‘गंगनम स्टाईल’ नाचले. परीक्षकांनी नाकं मुरडली, पण जनतेनं मतं देऊन त्यांना आठवडेच्या आठवडे टिकवलं. (ही जनता २०१५ मध्ये कुठे होती, कोण जाणे.)

डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी खुर्ची सोडली. पुढच्या मे महिन्याच्या आत नॉरिच पुन्हा प्रीमियर लीगमध्ये. आता तरी त्यांचं योगदान मान्य कराल की नाही?