टॉवेल पुन्हा वापरा, म्हणे!

श्रीयुत इको-लक्झरी रिसॉर्टवाले मालक,
मुक्काम मालदीवमधलं कुठलंसं खाजगी बेट, यांसी जालन्याहून सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपलं रंगीत माहितीपत्रक आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन धडकलं. समुद्रात खांबांवर उभ्या खोल्या, चहूबाजूंनी पाणी असूनही प्रत्येक खोलीपुढे गोड्या पाण्याचा वेगळा हौद, आणि खाली हिरव्या पानाच्या चित्राशेजारी नम्र विनंती : पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.

मालक, हे वाचून आमच्या गल्लीतल्या बायका पोट धरून हसल्या. त्यांच्या घरी भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला आणि उरलंसुरलं संडासात. पापड करायचे की नाहीत, हे नळ कोणत्या दिवशी येणार त्यावर ठरतं. त्यांना आपण काटकसर शिकवणार, तेही एका रात्रीचे अर्धा लाख रुपये घेऊन. आमच्याकडे हे शिक्षण फुकट मिळतं.

आम्ही बोलतोय ते 2012-13चा दुष्काळ पाहिलेले लोक. टँकरमागे पळणं काय असतं ते त्या वर्षी कळलं. अंबड, बदनापूर, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या आणि लेकरासारखी वाढवलेली झाडं शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं तोडली. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव गाळानं भरला होता. जालनेकरांनी वर्गणी काढून तो उपसला, शेतकऱ्यांनी गाळ आपल्या खर्चानं वावरात नेला. तिकडे कडवंची गावानं 1990च्या दशकापासून जलसंधारणाचं काम करणारे विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या भागात त्या गावानं द्राक्षं पिकवून दाखवली. त्याचं माहितीपत्रक मात्र छापायचं राहून गेलं. चुकलंच.

आता आपलं गोडं पाणी कुठून येतं ते बघू. समुद्राचं पाणी यंत्रातून दाबून त्यातलं मीठ काढायचं, त्यासाठी वीज हवी, आणि वीज मुख्यत्वे डिझेलच्या जनरेटरवर. डिझेल पुन्हा जहाजानं आणायचं. म्हणजे पाहुण्याच्या हौदातलं पाणी डिझेल जाळून तयार होतं आणि पानाचं चित्र टॉवेलवर. छपरावर चार सौर पाट्या असतील, तर त्यांचा फोटो माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतो, जनरेटरचा कुठेच नसतो.

हे यंत्र बंद पडलं तर काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर 2014 मध्ये आपल्या राजधानीच्या, माले शहराच्या पाणी शुद्धीकरण प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ कोरडे पडले. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन नीर’. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण दीडच वर्षानं, एप्रिल 2016 मध्ये, आमच्याच मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. विमानाचं पाणी आपल्याकडे, रेल्वेचं आमच्याकडे. तरीही तहान दोन्हीकडची सारखीच, एवढं तरी कबूल करा.

आणि कचरा? पाहुण्याला दाखवलेल्या बेटांच्या यादीत थिलाफुशी नसतं. मालेजवळच्या उथळ समुद्रात 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचरा ओतून ते बेट वाढवलं, आणि तिथला धूर वर्षानुवर्षं दुरून दिसत राहिला. त्यात रिसॉर्टांचा कचराही होता. आमच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भट्ट्या आहेत, धूर आम्हीही सोडतो, म्हणून फार तोंड वर करून बोलत नाही. पण भट्टीवाला निदान सळई सळई म्हणूनच विकतो, तिला कृपा करून तुळशीचं रोप म्हणत नाही.

टॉवेलची ही युक्ती आपलीही नव्हे. 1983 साली जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं फिजीतल्या एका बेटावर अशीच चिठ्ठी पाहिली होती. तिथेच शेजारी नव्या खोल्यांचं बांधकाम जोरात चालू होतं. 1986 मध्ये त्यानं या ढोंगाला ‘ग्रीनवॉशिंग’ असं नाव दिलं. चाळीस वर्षं झाली, चिठ्ठी तीच, दर मात्र वाढले.

मालदीवचं दुःख खरं आहे, ते नाकारत नाही. बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर उंच. ऑक्टोबर 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, ती काही गंमत म्हणून नव्हे. 2025 पासून तिथलं सरकार रिसॉर्टातल्या पाहुण्याकडून रात्रीला 12 डॉलर हरित कर घेतं. आपल्या भाड्यापुढे ती चिल्लर आहे. त्या बुडत्या देशाचं बुडणंसुद्धा आपण ‘जायच्या आधी बघून घ्या’ म्हणून विकता, इथे मात्र आमची जीभ लुळी पडते. मुंबईहून मालेपर्यंतचं सोळाशे-सतराशे किलोमीटरचं विमान, तिथून बेटापर्यंत समुद्री विमान, आणि हिशेबात फक्त टॉवेल!

तेव्हा एक करा. बिलाच्या मागे छापा : या पाहुण्यासाठी दर रात्री इतकं डिझेल जळलं, इतकं पाणी बनवलं, त्याचा कचरा अमुक ठिकाणी गेला. छापलंत तर आपलं पान हिरवं मानू.

आणि जालनेकरांनो, बियाण्याच्या नि स्टीलच्या पैशानं बेटावर जरूर जा, हौस आहे. पण आगाऊ रक्कम भरण्याआधी या तीन गोष्टी विचारा. एजंटानं टॉवेलचा विषय काढला, तर फोन ठेवा.

आपला,
जालन्यातला एक नळधारक