गव्हाचं सोवळं

माझं हिमोग्लोबिन ही काही वर्षं आमच्या दोन्ही घराण्यांची सामायिक मालमत्ता होती. ते होतं ७.८, आणि वर कसं आणायचं याबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. पुण्याहून आई बीट आणि काळ्या मनुका पाठवायची. नणंदेनं लोखंडी कढई दिली. तिच्यात भाजी काळी व्हायची, मी मात्र पांढरीच. शेजारच्या काकू गूळ-शेंगदाणे आणायच्या आणि मी ते खाते की नाही हे बघायला समोर बसून राहायच्या. (शेंगदाण्यानं बरा होत नाही असा आजार सोलापुरात अजून नोंदला गेलेला नाही.) शिवाय रोज लोहाची गोळी, पोटात गुडगुड आणि दर दोन महिन्यांनी सैल होणारी ब्लाउजं. बायका कौतुकानं विचारायच्या, ‘‘कसलं डाएट गं?’’ मी म्हणायचे, ‘‘पोळी-भाजी.’’ आजाराचं मूळ मीच रोज सांगत होते, पण ते कळायला तिसरे डॉक्टर यावे लागले.

त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. यंत्रानं माझ्यापुढे हात टेकले आणि आकड्याऐवजी नुसतं ‘यापेक्षा जास्त’ असं छापलं. मग डॉक्टर म्हणाले, ‘‘आता दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासू. तोवर गहू सोडायचा नाही. रोज खायचा. नाहीतर चोर पळून जाईल आणि आपण रिकाम्या घरात पोलीस पाठवू.’’ तारीख आठ दिवसांनी मिळाली. फाशीच्या कैद्याला एकच शेवटची इच्छा विचारतात म्हणे. मला आठ दिवस मिळाले. खारी, पॅटिस, क्रीमरोल, नानकटाई, पावभाजीचे जास्तीचे दोन पाव. माझा निरोपसमारंभ बघून बेकरीवाल्याला वाटलं, घरात पाहुणे आलेत.

अहवाल समोर ठेवून डॉक्टरांनी जे सांगितलं ते फक्त सोलापूरचा डॉक्टरच सांगू शकतो. ‘‘लहान आतड्याला आतून लव असते. आपल्या टर्किश टॉवेलला असते तशी. अन्नातलं सत्त्व तीच टिपून घेते. गव्हातलं ग्लूटेन तुमच्या शरीराला शत्रू वाटतं. त्याच्याशी लढताना ते आपलीच लव कापून काढतं. तुमच्या टॉवेलचा पंचा झालाय, ताई.’’ लोह टिपलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीलाच, आणि नेमकी तिथलीच लव गेली होती. म्हणजे इतकी वर्षं बीट, मनुका, शेंगदाणे आणि काकूंची ती करडी नजर, सगळं पंच्यावरून ओघळून जात होतं. ज्या गावानं देशाला टॉवेल पुरवले, त्या गावच्या सुनेच्या पोटात पंचा निघावा!

‘‘औषध?’’

‘‘नाही. गहू, जव आणि राय बंद.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘कायमचं.’’

राय मी जन्मात पाहिलेलं नाही. ते सोडणं मला फारच सोपं गेलं.

घरी येऊन आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायचं होतं. त्या मंगळवेढ्याच्या. मी पुण्याची, म्हणजे पोळीवर वाढलेली. भाकरी ही आमच्याकडे सिंहगडावर पिठल्याबरोबर खायची वस्तू. लग्न करून आले तेव्हा पहिला घोटाळा पोळी या शब्दानंच केला होता. ‘‘रात्रीला पोळ्या करू?’’ असं मी विचारलं आणि आत्याबाईंनी पुरणाची डाळ भिजत घातली. इकडे पोळी म्हणजे पुरणपोळी. साधी असते ती चपाती.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘ज्वारी चालते?’’

‘‘चालते.’’

‘‘बाजरी?’’

‘‘चालते.’’

‘‘तांदूळ, नाचणी, मका, वरई?’’

‘‘सगळं चालतं, आत्याबाई.’’

‘‘मग ह्यात आजार कुठाय?’’

त्यांच्या लहानपणी घरात गहू दिसायचा तो दिवाळीला, नाहीतर जावई आला तर. माझ्या डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं लिहून दिलेलं पथ्य त्या वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सहज पाळत होत्या, आणि त्याला जेवण म्हणत होत्या.

आजार कुठाय ते मला परातीपुढे बसल्यावर कळलं. ग्लूटेन हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ सरस, चिकटवायचा. गव्हाची कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्या जिवावर. ज्वारीत ते नसतंच, म्हणून तिला कढत पाणी घालून, मळून मळून मनवावं लागतं. माझ्या पहिल्या भाकरीचा आकार आंध्र प्रदेशासारखा होता. तव्यावर टाकेपर्यंत त्यातून तेलंगणा वेगळा झाला. ‘‘पिठाची विरी गेलीय वाटतं,’’ असं मी म्हटलं. आत्याबाईंनी त्याच पिठाची, बोलता बोलता, परातभर भाकरी थापली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली. ‘‘विरी हाय की पिठात,’’ त्या म्हणाल्या. कोणात नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

दीड महिन्यात भाकरी जमली. सोवळं मात्र जन्माला चिकटलं.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. चुकून पदर लागला तरी ‘‘शिवलीस!’’ म्हणून ओरडायची. कॉलेजात असताना मी तिच्याशी विटाळ या विषयावर कडाडून भांडले होते आणि आपण जिंकलो अशी माझी समजूत होती. आज माझ्या ओट्यावर माझा तवा वेगळा, परात वेगळी, उलथनं वेगळं, आणि ओळखू यावं म्हणून सगळ्यांना लाल दोरा. पोळपाट-लाटणं तर गव्हात मुरलेलं लाकूड, त्याच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही. मुलगा पोळीचा तुकडा माझ्या आमटीच्या वाटीत बुडवतो आणि माझ्या तोंडून आजीच बाहेर पडते. ‘‘शिवलं!’’ आजीच्या विटाळाचा पुरावा कधीच मिळाला नव्हता, म्हणून मी भांडत होते. माझा विटाळ प्रयोगशाळेत मोजून मिळतो. आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येतं. माझ्या हिशेबानं हे किलोभर पिठात गव्हाचे चार-पाच दाणे. आजीसुद्धा इतकी कडक नव्हती.

मग गिरणी. ‘‘काळजी करू नका ताई, ज्वारीवरच ज्वारी टाकतो,’’ असं गिरणीवाले काका म्हणाले. खरंच टाकली. पण त्या आधीच्या ज्वारीच्या आधी सकाळपासून गहूच चालला होता. पट्ट्यावर गहू, छतावर गहू, काकांच्या भुवयांवर गहू. ते आपुलकीनं बोलायला जवळ आले की मी दोन पावलं मागे सरायचे. त्यांना वाईट वाटलं असणार. शेवटी लग्नाच्या वाढदिवसाला साडीऐवजी घरघंटी घेतली. ती सुरू केली की खालच्या मजल्यावरचे लोक हेलिकॉप्टर बघायला गॅलरीत येतात.

एवढं करूनही सहा महिन्यांनी टीटीजी थोडा उतरला आणि अडून बसला. ‘‘कुठून तरी गहू जातोय,’’ डॉक्टर म्हणाले. मी घरातल्या डब्यांची झडती घेतली. सोया सॉस कधीच हद्दपार झाला होता. भाजणी तपासली, मसाले तपासले, आणि शेवटी, कुणावर संशय घ्यावा, तर हिंगाच्या डबीवर. घटकांची यादी अशी: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. हिंगाच्या डबीत हिंगाचाच नंबर तिसरा! गव्हाला मी सहा महिने हिंग लावून विचारत नव्हते, तर तो हिंगातूनच आत येत होता. रोज, वरणाच्या फोडणीत, तडतड वाजत. आता तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणते. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘कंपनीनं हिंगात पीठ घालायचं, आणि आम्ही दुधात पाणी घातलं की गवळी वाईट.’’

हा आजार गव्हाचा आहे हे मुळात कळलं कसं, याची गोष्ट मी आल्यागेल्याला ऐकवते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी अशा रोडावलेल्या मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली. केळ्यात काहीतरी जादू आहे असं ठरलं. जळगावकरांच्या वेळीच कानावर गेलं असतं तर डॉक्टरांचा पुतळा उभा राहिला असता. प्रत्यक्षात करामत पानात नसलेल्या पावाची होती. ते ओळखलं नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे इतका दुष्काळ पडला की पाव मिळेना. भोवतालची माणसं खंगत असताना ही मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंचा प्रबंध १९५० चा.

ही गोष्ट सांगून झाली की समोरचा विचार करतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘‘बरोबर आहे. पण एका घासानं काय होतंय?’’

हे वाक्य. आतड्याची समजूत घालता येते, मराठी आग्रहाची नाही. पोट फक्त गव्हाला नाही म्हणतं. आपण नाही म्हटलं की ते वाढणाऱ्याला लागतं. नणंदेकडे सत्यनारायण होता. मावससासूबाईंनी रव्याच्या शिऱ्याचा द्रोण हातात दिला. मी कपाळाला लावून खाली ठेवला. ‘‘अगं, प्रसादाला कसला आलाय गहू? प्रसाद म्हणजे प्रसाद.’’ आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडे कलावतीकडे बघावं तशा बघायला लागल्या. पोथीतल्या कलावतीनं प्रसाद टाकून धाव घेतली आणि तिच्या नवऱ्याची नौका बुडाली. माझ्या नवऱ्याची नौका नाही, स्कूटर आहे; पण तोही एकदम काळजीत पडलेला दिसला.

वाचवलं ते गुरुजींनी. दक्षिणा मोजता मोजता म्हणाले, ‘‘पोथीत सोय आहे वहिनी. केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ. आणि गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालतं, असं स्पष्ट लिहिलंय.’’ म्हणजे डिकेंच्या कितीतरी आधी सत्यनारायणानं पर्याय देऊन ठेवलेला, आणि केळ्यासकट! मी तिथेच नमस्कार केला. पुढच्या पूजेला आत्याबाईंनी हट्टानं सव्वा किलो तांदळाच्या पिठाचा प्रसाद केला. तो शिरा आणि खळ यांच्या मधला काही प्रकार झाला होता. पण प्रसादाला नाव ठेवता येत नाही, त्यामुळे सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. मावससासूबाईंनीसुद्धा. त्या दिवशी एक घास पुरे म्हणणाऱ्या त्या होत्या.

बाकी, उपवासाच्या दिवशी माझी चंगळ असते. साबुदाणा, भगर, राजगिरा. गहू नाही आणि हिंगही नाही. आषाढीला मी जितकी पोटभर जेवते तितकी लग्नात जेवत नाही. लग्नाला जाताना पर्समध्ये कडक भाकरी असते. सोलापूरची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, आणि शांत मंगलाष्टकांत मोडली तर वाजंत्रीवाल्यांना इशारा झाल्यासारखं वाटतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा पुण्याच्या बहिणीनं, जिनं माझ्या भाकरीला वर्षभर ‘बिच्चारी’ म्हटलं होतं, मला फोन करून विचारलं, ‘‘ताई, मिलेट ब्रेड कसा करतात गं?’’ मी तिला आत्याबाईंचा नंबर दिला. ‘‘ब्रेड नाही, भाकरी म्हण, मग सांगते,’’ असं तिला तिकडून उत्तर आलं.

गेल्या महिन्यात पुन्हा दुर्बीण झाली. टीटीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन १२.४. डॉक्टर म्हणाले, ‘‘टॉवेलला लव आली.’’ आत्याबाईंनी अहवालाचा कागद हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं, कापड पारखावं तसं, आणि देवापुढे ठेवला.

मी लगेच पुण्याला फोन लावला. आई रडलीच. मग डोळे पुसल्याचा आवाज आला, नाक ओढल्याचा आला.

‘‘सुटलीस गं बाई एकदाची! आता संक्रांतीला ये. गुळपोळ्या करते.’’

‘‘आई, लव आली ती गहू बंद आहे म्हणून. पोळी चालणार नाही. कधीच.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, पोचलं.

‘‘अगं,’’ आई म्हणाली, ‘‘भरपूर तूप घालीन की वर.’’