आधी दाखला दाखवा!

अहो, जरा कुंपणाजवळ या ना, हे मोठ्यानं बोलायचं नाहीये. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या लेकीचा आकुर्डीला इंजिनिअरिंगला नंबर लागला! कॅप राउंडमधून हो, मॅनेजमेंट कोटा नाही. म्हणजे ट्यूशन फी, परीक्षा फी सगळी माफ. चंद्रकांतदादा पाटलांचा तो २०२४ चा मुलींच्या फीमाफीचा जीआर नाही का... हां, तोच. तिचा भाऊ मात्र फुरंगटलाय. त्याला शाहू महाराजांच्या योजनेतून निम्मीच सवलत ना!

तर काय सांगत होते... मंगळागौरीला वहिनींनी पेढे वाटले. आणि समोरच्या बंगल्यातल्या ताई, मिस्टर हिंजवडीला आयटीत, पेढा हातात धरून काय म्हणाव्यात? "टॅक्स आमचा, फी दुसऱ्यांची!" अगं बाई! वहिनींचं तोंड एवढंस्सं झालं. पण त्यांच्या सासूबाई गप्प बसतील होय? म्हणाल्या, "साबणाच्या वडीवर आम्हीही टॅक्स भरतोच. आणि तुझे मिस्टर सरकारी सीओईपीत शिकले, तो सगळा खर्च काय तुझ्या सासऱ्यांनी उचलला होता?" ताईंना पेढा गिळवेना हो!

खरी गंमत तर पुढेच आहे. चाकणवाले भाऊजी माहितीयेत ना, कंपनीत पर्मनंट? युनियनचं ॲग्रीमेंट झालं तेव्हा आख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली होती. त्यात ओव्हरटाइम. झालं, फॉर्म सोळावर आकडा माफीच्या आठ लाखांच्या मर्यादेवर! लेकीला एक रुपया माफ नाही. आणि भोसरीत वर्कशॉप असलेले ते... नाव नाही घेत मी, दारात दोन गाड्या उभ्या असतात ते. त्यांना तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मिळाला साडेसहा लाखांचा! भाऊजींची बायको भर बायकांत म्हणाली, "आमचा पगार लपवता येत नाही ना!" वर्कशॉपवाल्या बाई लगेच पर्समध्ये मोबाइल शोधायला लागल्या. वाजलासुद्धा नव्हता हो!

बरं, माफी म्हणजे सगळंच फुकट नव्हे. होस्टेल, मेस, कॉलेजची बाकीची फी घरूनच. वहिनींनी त्यासाठी भिशी आधीच उचललीय, हे आपल्या दोघींतच ठेवा.

मी तर म्हणते, पोरी शिकतायत, टॅक्स सत्कारणी लागतोय. फुकट की विकत यावर खुशाल भांडा, पण आधी प्रत्येकीनं आपापल्या घरचा दाखला टेबलावर ठेवायचा. मग बघू, कोण कोण तोंड उघडतं!